गजाची निगा
(सेक्टर ६, भिलाई येथे केलेले भाषण)



येथे जमलेल्यांपैकी अनेकांचे आयुष्य पोलाद कारखान्यात गेले आहे. घर्षण हा तुमचा जुना वैरी. त्याला नमविण्यासाठी तुम्ही वंगणाची पिंपे रिकामी केलीत. आम्हांला आज त्याच घर्षणाची बाजू मांडावयाची आहे.

व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या आसपास केस ताणून बसविलेले असतात. कोरा केस तारेवरून नुसता घसरतो. राळ लावली की तो तारेला क्षणभर धरतो, ओढतो, सोडतो आणि पुन्हा धरतो. सेकंदात शेकडो वेळा चालणाऱ्या या धरसोडीतूनच स्वर जन्मतो.

हे ज्ञान आम्हांस उशिरा झाले. एका गणेशोत्सवात नाट्यपदांच्या साथीला एक वयोवृद्ध वादक येणार होते. कपाटातील व्हायोलिन पुसून ठेवण्याचे काम आम्ही हौसेने पत्करले. गजाचे केस रुक्ष दिसले, म्हणून त्यांवर खोबरेल तेलाचा हात फिरविला! दुसऱ्या दिवशी त्यांनी गज ओढला, तो आवाजच निघेना. ते रागावले नाहीत. "अहो, याला राळ हवी होती, तुम्ही तेल पाजलेत," एवढेच म्हणाले. पदे पेटीवरच झाली. पुढच्या उत्सवाला ते हयात नव्हते. ती चुटपुट अजून गेलेली नाही.

अमेरिकेतील शिकारी टर्की पक्ष्याला साद घालण्यासाठी पाटीच्या तुकड्यावर काडी घासतात. तेही पाटी घासकागदाने खरखरीत ठेवतात, तिला हाताचे तेल लागू देत नाहीत. लाकडी पेटीची साद असेल तर तिला खडू लावतात. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला आळा बसला. पण घासून नाद काढण्याचे शास्त्र तेच आहे.

म्हणून थोडे नियम सांगतो. केसांना बोट लावू नये. राळेची नवी वडी काचेसारखी गुळगुळीत असते; ती प्रथम घासकागदाने किंचित खरवडावी. वादनानंतर तारांवरची व लाकडावरची राळ कोरड्या मऊ फडक्याने पुसावी. स्पिरिट लावू नये, त्याने रोगण विरघळते. गजाचा स्क्रू सैल करून ठेवावा, कारण आपल्या उन्हाळ्यात केस आखडतात आणि पावसाळ्यात लांबतात. वैशाखात खुंट्या निसटू लागल्या, तर त्यांना थोडा खडू चोळावा.

सर्वांत मोठा नियम शेवटी. बंद, अंधाऱ्या पेटीत पडून राहिलेल्या गजाचे केस कीड खाते. जो गज रोज हाती येतो, त्याला उजेड आणि वारा आपोआप मिळतो. बालगंधर्वांच्या गळ्याला कादरबक्षांच्या सारंगीची साथ लाभली, तीही नित्याच्या रियाझानेच.

मंडळाच्या गजाला आम्ही नवे केस बसवून आणले आहेत, राळही आणली आहे. आता वाजविणारे हात हवे आहेत. आपल्या मुलामुलींपैकी कुणाला आवड असेल, तर कपाटाची किल्ली आम्ही आनंदाने देऊ. आमच्या हातून जी साथ हुकली, ती त्यांच्या हातून पुढच्या उत्सवात घडो, एवढेच मागणे.