श्वासाची यतना
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य व्याख्यानमालेतील व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून आरोग्याविषयी चार शब्द बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी कृतज्ञ आहे. आजच्या विषयाचे नाव अनेकांना अपरिचित वाटेल : इंटरस्टिशियल लंग डिसीज, संक्षेपाने आयएलडी. हा एकच रोग नसून दोनशेहून अधिक विकारांचा समूह आहे.

आपल्या फुप्फुसांत सुमारे ३० कोटी सूक्ष्म वायुकोश असतात. वायुकोश आणि रक्तकेशिका यांच्यामधील अत्यंत तलम पडद्यातून प्राणवायू रक्तात जातो. या पडद्याचा दाह झाला की तो जाड होतो. दाह दीर्घकाळ टिकला तर तेथे वण पडतात. त्वचेवरील खोल जखमेचा वण जसा पुसला जात नाही, तसाच हाही नाहीसा होत नाही. फुप्फुस ताठर होते आणि प्राणवायूची वाट अडते. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात. येथे बिघाड त्यापलीकडे असतो. म्हणून केवळ दम्याचा पंप घेऊन हा विकार आटोक्यात येत नाही.

लक्षणे साधी असतात : महिनोन्‌महिने कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप, थकवा, काहींच्या बोटांची टोके फुगीर होतात. ‘वय झाले’ असे म्हणून घरचे दुर्लक्ष करतात. कधी दमा, तर कधी क्षय समजून उपचार होतात आणि मोलाचा काळ निघून जातो. अशा वेळी छातीचा एचआरसीटी स्कॅन व फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी करून निदानाची दिशा मिळते.

कारणे अनेक आहेत. दगडखाणीतील सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉस, संधिवातासारखे विकार, काही औषधे; तर काही रुग्णांत कारण सापडतच नाही. भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांतून १०८४ रुग्णांची नोंद करणारा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे ४७ टक्के रुग्णांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’, म्हणजे श्वासावाटे जाणाऱ्या सेंद्रिय कणांविरुद्ध शरीराने दिलेल्या तीव्र प्रतिसादातून होणारा विकार होता. या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आला होता. ओलसर भिंतींवरील बुरशी, कुजलेले गवत, उसाचे जुने चिपाड आणि पक्ष्यांची वाळलेली विष्ठा व पिसांवरील भुकटी हीदेखील याची कारणे आहेत.

येथे आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाला स्पर्श करणे भाग आहे. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून मुंबईत मोठा वाद झाला. न्यायालयातही तो गेला. पक्ष्यांना दाणा घालणारे हात दयेचेच आहेत, यात शंका नाही. प्रत्येक दाणा घालणारा आजारी पडतो असेही नाही. परंतु ज्याच्या शरीरात हा प्रतिसाद जागा होतो, त्याची फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. आणि तो बहुधा शेजारच्या इमारतीतील, दाणा न घालणारा माणूसही असू शकतो. जीवदयेच्या जोडीला आपल्या परंपरेने यतना सांगितली आहे. पाणी गाळून पिणाऱ्या आपण श्वासाचाही तितकाच विचार करावयास हवा. दाट वस्तीत, खिडकीत वा गच्चीवर दाणा टाकण्याऐवजी जखमी पक्ष्यांच्या उपचारांना साहाय्य करणे, हीही जीवदयाच होय.

या विकारात पहिले औषध म्हणजे कारणापासून दूर होणे. वण पडण्यापूर्वी ते साधले तर अनेक रुग्ण सुधारतात. पुढे आवश्यकतेनुसार स्टेरॉइड व प्रतिकारशक्तीचा अतिरेक रोखणारी औषधे दिली जातात. निन्टेडानिब व पिरफेनिडोन ही औषधे वण वाढण्याचा वेग मंदावतात. झालेला वण मात्र पुसत नाहीत. घरी प्राणवायू, श्वसनाचे व्यायाम, फ्लू व न्यूमोनियाची लस यांचाही आधार होतो.

म्हणून माझी नम्र विनंती एवढीच : तीन आठवड्यांहून अधिक खोकला वा नवी धाप असेल तर वैद्यकीय तपासणी करावी. डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरातील कूलर, ओल, पक्षी आणि आपला व्यवसाय यांची माहिती आपणहून द्यावी. कूलर स्वच्छ ठेवावा. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये. ती ओली करून, नाकातोंडावर योग्य मास्क लावून काढावी, आणि ज्यांना हा विकार आहे त्यांनी त्या कामापासून दूरच राहावे.

आपल्या संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांच्या सेवाकार्यात श्वासाच्या या यतनेलाही स्थान मिळो, अशी सदिच्छा व्यक्त करून मी माझे विवेचन पूर्ण करतो. जयजिनेंद्र!