प्लेटलेट्स ३८ हजार आणि दोन महिने

आजचा भाग जरा वेगळा आहे, आज पाहुणे कोणी नाहीत, मीच बोलणार आहे. हेडफोन लावून ऐकताय ना? मग सुरुवात करते.

मला दुसरा महिना होता. पहिली रक्ततपासणी दिली आणि संध्याकाळी लॅबमधून फोन आला, "मॅडम, ताप आहे का? प्लेटलेट्स ३८ हजार आल्यात." नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख. पावसाळा होता, त्यामुळे घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, डेंग्यू. ताप तर नव्हताच. डेंग्यूची टेस्टही निगेटिव्ह आली.

डॉक्टरांनी आधी काचपट्टीवर रक्त बघायला सांगितलं. कधीकधी नळीतल्या औषधामुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या कमी मोजतं. माझ्या चिकटल्या नव्हत्या, खरंच कमी होत्या. मग त्यांनी विचारलं, पाळीत रक्तस्राव जास्त व्हायचा का? कॉलेजात असतानाचा एखादा रिपोर्ट आहे का? फाइल उपसली. सहा वर्षांपूर्वीचा एक सापडला, ९० हजार. कोणीच त्याकडे बघितलं नव्हतं, मीसुद्धा!

इथे एक सांगते, नाहीतर उद्या मला शंभर मेसेज येतील. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, प्लेटलेट्स थोड्या कमी होणं खूप कॉमन आहे. बहुतेक जणींच्या लाखाच्या आसपास राहतात आणि बाळंतपणानंतर आपोआप वर येतात. पण त्यासोबत बीपी वाढलं, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा पोटात वरच्या बाजूला दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो वेगळा आणि गंभीर आजार असू शकतो.

माझं निदान होतं आयटीपी. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच प्लेटलेट्सना शत्रू समजते आणि प्लीहा त्या गिळून टाकते. हे कसं कळलं, माहितीये? १९५०मध्ये अमेरिकेत सेंट लुईसला विल्यम हॅरिंग्टन नावाच्या डॉक्टरने आयटीपीच्या रुग्णाचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट्स कोसळल्या, त्याला झटकाही आला. वाचला बिचारा. पण दोष रक्तात फिरणाऱ्या कशाचातरी आहे, हे सिद्ध झालं.

मला वाटलं, लगेच औषध सुरू होईल. तर नाही. रक्तस्राव नसेल आणि आकडा ३० हजारांच्या वर असेल, तर सहसा नुसतं लक्ष ठेवतात. दर महिन्याला सुई, मग दर पंधरा दिवसांनी. हे "काहीच न करणं" मला औषधापेक्षा जड गेलं. सासूबाई पपईच्या पानांचा रस घेऊन उभ्या. डॉक्टर त्यांना शांतपणे म्हणाले, "काकू, हिचं शरीर प्लेटलेट्स बनवतंय हो, बनवून मोडतंय." रस बंद झाला. आणि मनाने कुठलीही पेनकिलर घ्यायची नाही, हेही बजावलं.

सातव्या महिन्यात आकडा २२ हजार. दात घासताना बेसिन लाल, पायांवर बारीक लाल ठिपके. प्रेडनिसोलोन सुरू झालं. साखर वाढली, चेहरा पुरीसारखा फुगला, रात्री तीनला मी टक्क जागी. तीन आठवड्यांत ६० हजारांवर आले.

मग भूलतज्ज्ञ भेटल्या. प्रसूतीसाठी ५० हजार चालतात, पण पाठीत सुई द्यायची तर ७०-८० हजार हवेत. म्हणून शेवटी इम्युनोग्लोब्युलिन दिलं, किलोला १ ग्रॅम. माझं वजन ६० किलो, बाटली ५ ग्रॅमची, म्हणजे बारा बाटल्या. बाबांनी न बोलता एफडी मोडली. या औषधाचा असर काही आठवडेच टिकतो, त्यामुळे तारीख बघूनच द्यावं लागतं. चौथ्या दिवशी आकडा १ लाख ८ हजार.

"सिझरच करून टाका ना," असं मावशीपासून शेजारणीपर्यंत सगळ्या म्हणत होत्या. पण आयटीपी आहे म्हणून सिझरने बाळ जास्त सुरक्षित होतं, असं नाही. फक्त चिमटा किंवा व्हॅक्युम लावायचा नाही. माझी नॉर्मल झाली.

खरी भीती नंतरची होती, आणि ती मला कोणी आधी नीट सांगितली नसती तर मी कोसळलेच असते. माझ्यातली अँटिबॉडी वारेतून बाळात जाते. जन्मतः नाळेतून रक्त घेतलं, ८६ हजार. आकडा कळेपर्यंत बाळाला स्नायूत इंजेक्शन दिलं नाही. जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत आकडा आणखी खाली जातो, म्हणून आम्हाला घरी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी ४४ हजार. टाळूवर प्रोब ठेवून डोक्याची सोनोग्राफी केली. मेंदूत रक्तस्राव फार क्वचित होतो, हे मला पाठ होतं. तरी त्या दहा मिनिटांत मी नवऱ्याचा हात इतका दाबला की त्याच्या तळव्यावर माझी नखं उमटली.

सोनोग्राफी साफ होती. सातव्या दिवशी १ लाख ३० हजार, आणि आम्ही रिक्षाने घरी.

माझे सध्या ४५ हजार आहेत. पुढची तपासणी मंगळवारी. चला, ती उठलीये, आवाज येतोय ना तुम्हालाही? थांबते इथेच.