उत्पन्न वेगळे, राहणीमान वेगळे

(मोपा येथे मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आफ्रिकेतल्या दोन देशांविषयी बोलणार आहे. मोपात बसून आफ्रिका कशाला, असे कुणाच्या मनात आले असेल तर त्यात चूक नाही. शेवटी मी आपल्याच सड्यावर येणार आहे, तोवर थोडा धीर धरा.

पहिला देश मॉरिशस. हा आपल्याला परका नाही. १८३४ पासून तिथल्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही शाळेत मराठी शिकतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे गोव्याहून थोडी कमीच.

दुसरा देश इक्वेटोरियल गिनी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, पूर्वी स्पेनच्या ताब्यात असलेला. हाही लहानच. गंमत अशी की दोन्ही देश एकाच वर्षी स्वतंत्र झाले. मॉरिशस १२ मार्च १९६८ रोजी, तर गिनी १२ ऑक्टोबर १९६८ रोजी. म्हणून तुलना करायला जोडी चांगली आहे.

मॉरिशसकडे तेव्हा काय होते? ऊस, आणि पोटाला काम नसलेली माणसे. जेम्स मीड नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९६१ च्या अहवालात या बेटाचे भवितव्य फार कठीण असल्याचे लिहून ठेवले होते. पुढे याच मीड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे बोलणारा माणूस साधासुधा नव्हता. पण अंदाज चुकला. साखरेला युरोपात चांगला भाव मिळाला, त्या साखरेच्या निर्यातीवर सरकारने कर बसवला. १९७० पासून निर्यातीसाठी कपड्यांचे कारखाने आले आणि त्यांत हजारो बायकांना रोजगार मिळाला. मे १९७५ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सरकारी दवाखाना मोफत, म्हाताऱ्यांना पेन्शन. हे सगळे देश श्रीमंत झाल्यावर आले नाही, गरीब असतानाच सुरू झाले. हे लक्षात ठेवा.

गिनीचे नशीब उलटे. पहिल्या राष्ट्राध्यक्षाची अकरा वर्षे दहशतीत गेली, देशातली फार मोठी लोकसंख्या मारली गेली किंवा पळून गेली. १९७९ मध्ये त्याच्या पुतण्याने, तिओदोरो ओबियांग यांनी, लष्कराच्या बळावर सत्ता घेतली. ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे. १९९५ च्या सुमारास समुद्रात मोठा तेलसाठा सापडला आणि पैशाचा पूर आला. २००८ च्या सुमारास कागदावर तिथल्या माणसाचे दरडोई उत्पन्न मॉरिशसच्या माणसाच्या दुपटीहून अधिक होते.

आता सांगा, दुप्पट उत्पन्न म्हणजे दुप्पट सुख झाले का?

तिथे जन्मलेल्या हजार मुलांपैकी पाच वर्षांच्या आत दगावणारी मुले आजही सत्तरच्या घरात आहेत. मॉरिशसमध्ये हा आकडा पंधरा-सोळाच्या आसपास. मॉरिशसचा माणूस सरासरी ७४ वर्षे जगतो, गिनीचा साठीच्या जरासा पुढे. मॉरिशसने मलेरिया हद्दपार केला, गिनीत तो अजून मुलांना मारतो. मग तेलाचा पैसा गेला कुठे? रस्ते, इमारती झाल्या, ते नाकारता येणार नाही. पण २००४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या चौकशीत या देशाचे कोट्यवधी डॉलर वॉशिंग्टनच्या एका बँकेत सापडले. २०१७ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने अध्यक्षांच्या मुलाला, म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाला, अपहाराबद्दल दोषी ठरवले. तेल उतरणीला लागले तसे उत्पन्नही घसरले, आणि आज त्या बाबतीतही मॉरिशसच पुढे आहे.

मॉरिशस म्हणजे स्वर्ग, असे मी म्हणत नाही. तिथे मधुमेह घरोघरी आहे, उसाची बरीच जमीन अजून मोजक्या घराण्यांकडे आहे. पण तिथला मतदार सरकार बदलू शकतो. १९८२ मध्ये त्याने सत्ताधाऱ्यांना भुईसपाट केले, २०२४ मध्येही केले. ज्याला खुर्ची जाण्याची भीती असते तो दवाखान्यात औषध आहे की नाही ते बघतो. मला तर खरा फरक इथेच दिसतो.

आता आपल्या घरी येऊ. दरडोई उत्पन्नात गोवा देशातल्या पहिल्या काही राज्यांत आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या ३९ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या पाहणीत हे प्रमाण ३१ टक्के होते, म्हणजे वाढले. २०२३-२४ मध्ये देशाची बेरोजगारी ३.२ टक्के, तर गोव्याची ८.५ टक्के. उत्पन्न वर आणि हे आकडेही वर, असे का व्हावे?

जमिनीतली संपत्ती म्हणजे काय, ते डिचोलीकरांना मी काय सांगणार? २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. ट्रकांचे हप्ते मात्र थांबले नाहीत. खनिज विक्रीतील दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवा, हे सांगायला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालय लागले.

आणि आपला सडा! दोन हजारांहून अधिक एकर जमीन गेली, काजू गेले, धनगरांचा वाडा उठला. ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. २०१६ मध्ये ज्या बोलीवर हे काम दिले गेले तीत महसुलाचा ३६.९९ टक्के हिस्सा सरकारला देण्याची तयारी होती. हा पैसा पेडण्यात कशाच्या रूपाने दिसणार, हे विचारायचे काम कुणाचे? आपलेच.

मी विमानतळाच्या विरोधात बोलायला उभा नाही. तो झाला आहे, त्याचा उपयोग करून घेऊ. पण ग्रामसभेत जाताना चार प्रश्न लिहून न्या. पेडण्यातल्या किती मुलामुलींना कायम नोकरी लागली, कंत्राटी किती? आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतो का? उन्हाळ्यात विहिरींना आणि नळाला पाणी किती दिवस असते? ज्यांची जमीन गेली त्यांचे सगळे पैसे हातात पडले का? उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत तेच प्रश्न पुन्हा विचारा. पक्ष कुठलाही असो.

मॉरिशसमध्ये १९७५ साली पोरांनी विचारले म्हणून शाळा मोफत झाली. आपल्यालाही विचारावेच लागेल.

जय हिंद, जय गोंय!