निद्रिस्त रुग्णाच्या वतीने

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या सभेत मी आपल्यापुढे जमाखर्च मांडतो. वाणिज्य शाखेच्या पदवीधराकडून तेवढीच अपेक्षा असते. या वर्षी मात्र अध्यक्षांच्या अनुमतीने मी वेगळ्या विषयावर बोलणार आहे. शस्त्रक्रियेच्या काळात रुग्ण भुलेखाली असताना त्याच्या मज्जासंस्थेवर लक्ष कसे ठेवले जाते, हा तो विषय होय. मी वैद्य नाही. आमच्या भूलतज्ज्ञांनी हे मला जसे समजावून सांगितले, तसेच मी सांगणार आहे. परंतु बोलण्यापूर्वी एक कबुली दिली पाहिजे, कारण माझे शिक्षण तिथूनच सुरू झाले.

काही वर्षांपूर्वी खरेदीच्या यादीत भूलतज्ज्ञांनी एक लहानसे यंत्र मागितले होते: नर्व्ह स्टिम्युलेटर. त्यासोबत दर वेळी लागणारे चिकटपट्टीचे इलेक्ट्रोडही होते. ‘आजवर याच्यावाचून काम अडले नाही’ असा शेरा मारून ती ओळ मी खोडली. त्यानंतर एका रात्री अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या एका शेतकऱ्याच्या घशातील नळी काढण्यात आली. त्याने डोळे उघडले होते, पण श्वास उथळ पडू लागला. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल पुरता उतरलेला नव्हता. भूलतज्ज्ञांनी तत्काळ पुन्हा नळी घालून कृत्रिम श्वास सुरू ठेवला आणि दोन तासांनी रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागला. बाहेर त्याची पत्नी मला विचारीत होती, “साहेब, आमचं मालक अजून का बोलंनात?” मी म्हणालो, “भूल जरा जड झाली, काळजी करू नका.” ते गृहस्थ बरे होऊन घरी गेले. परंतु मी दिलेले उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे उत्तर माझ्या खोडलेल्या ओळीत होते, आणि ते मी आज देत आहे.

सर्वसाधारण समज असा असतो की भूल म्हणजे झोपेचे इंजेक्शन. वास्तविक पूर्ण भुलेत तीन निरनिराळी कामे साधावी लागतात. शुद्ध हरपणे हे पहिले, वेदनेचा मार्ग रोखणे हे दुसरे आणि स्नायू सैल करणे हे तिसरे. तिन्ही कामे बहुधा वेगवेगळ्या औषधांनी होतात आणि ती औषधे एकाच वेळी उतरतील असा नियम नाही. म्हणूनच आमच्या शेतकरी बंधूंना जाग आली, पण श्वास घेण्याचे बळ आले नाही. याच्या उलटही घडू शकते: स्नायू शिथिल आहेत, पण शुद्ध परतली आहे. असा रुग्ण हलू शकत नाही, बोलू शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी विचारपूस करणे, हाच या साऱ्या शास्त्राचा गाभा आहे.

काय पाहावे, हा वाद जुना आहे आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या शेजारीच घडले. मैंदर्गीपासून जवळ असलेले गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, तेव्हा निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, डॉ. एडवर्ड लॉरी हे क्लोरोफॉर्मचा मोठ्या प्रमाणावर वापर करीत असत. रुग्ण दगावतो तो आधी श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, याचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली तेथे दोन आयोग बसले. त्यांना निजामाचे अर्थसाहाय्य होते, म्हणजे आजच्या भाषेत निजाम हे देणगीदारच. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये ज्यांची गणना होते, त्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या लॉरी यांच्याच विद्यार्थिनी. आयोगाचा निष्कर्ष असा निघाला की श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको. पुढे १९११ साली लेव्ही या संशोधकाने दाखवून दिले की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलेतही हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो. आयोगाने श्वासाचे महत्त्व सांगितले ते बरोबरच होते. चूक झाली ती एकाच खुणेवर भिस्त ठेवण्यात.

आज श्वास आणि नाडी या दोहोंवरही यंत्रे लक्ष ठेवतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर २०२० आणि २०२१ च्या कोरोना काळात घराघरांत पोहोचला. परंतु प्राणवायू उत्तम आणि रक्तदाब उत्तम असूनही स्नायू, मेंदू आणि मज्जारज्जू यांची खबर मिळतेच असे नाही. त्यांना तीन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात.

पहिला प्रश्न स्नायूंना: औषधाचा अंमल उतरला का? येथे ते खोडलेले यंत्र उपयोगी पडते. मनगटाच्या करंगळीकडील बाजूने अल्नर नावाची नस जाते. तिला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने विजेचे चार हलके धक्के देतात आणि अंगठा किती हलतो ते पाहतात. ही पद्धत १९७० साली इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे हसन अली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. औषधाचा अंमल असेल, तर चारही वेळा अंगठा सारखा हलत नाही. पहिल्यापेक्षा चौथी हालचाल क्षीण असते. चौथी हालचाल पहिलीच्या निदान नऊ-दशांश होईपर्यंत नळी काढू नये, असा आज दंडक आहे. अडचण अशी की हे गुणोत्तर चार-दशांशाच्या वर गेले की अनुभवी डोळ्यालाही फरक ओळखता येत नाही. म्हणून अमेरिकेतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत केवळ लक्षणांवर विसंबू नये, आकडा दाखवणारे यंत्र वापरावे, असे सांगितले आहे. आपल्या शस्त्रक्रियागृहात आता असे यंत्र आहे. ते देणाऱ्या कुटुंबाने नाव जाहीर न करण्याची विनंती केली असल्याने मी केवळ ऋण व्यक्त करतो.

दुसरा प्रश्न मेंदूला: रुग्ण खरोखर बेशुद्ध आहे का? मेंदूतील विद्युत्लहरींचा आलेख जर्मनीचे हान्स बर्गर यांनी १९२९ साली प्रसिद्ध केला. त्याच लहरींवरून भुलेची खोली एका आकड्यात सांगणारी यंत्रे १९९० च्या दशकात आली. कपाळावर पट्टी लावली की पडद्यावर आकडा दिसतो. मागील वर्षी एका हितचिंतकांनी असे यंत्र देण्याची तयारी दर्शविली होती आणि विश्वस्त मंडळाने तूर्त ते नको असे नम्रपणे कळविले. त्याचे कारण आज सर्वांसमोर सांगणे मला इष्ट वाटते.

ब्रिटन व आयर्लंडमध्ये शस्त्रक्रियेदरम्यान जाग आल्याच्या तक्रारींची देशव्यापी पाहणी झाली आणि तिचा अहवाल २०१४ साली प्रसिद्ध झाला. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्या रुग्णांत अशी तक्रार सुमारे आठ हजारांत एक, तर ते औषध न दिलेल्यांत सुमारे १,३६,००० मध्ये एक आढळली. म्हणजे धोका मुख्यतः तेथे आहे, जेथे रुग्ण हलून सांगू शकत नाही. त्याआधी २०११ साली अमेरिका व कॅनडात सहा हजारांहून अधिक जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत कपाळावरच्या यंत्राची तुलना एका साध्या उपायाशी करण्यात आली. रुग्णाच्या उच्छ्वासातील भुलेच्या वायूचे प्रमाण मोजायचे आणि ते ठरावीक मर्यादेखाली गेले की घंटा वाजवायची, हा तो उपाय. जाग येण्याचे प्रसंग टाळण्यात महागडे यंत्र त्याहून सरस ठरले नाही. ते यंत्र निरुपयोगी आहे, असे मी म्हणत नाही. शिरेवाटे औषध देऊन भूल दिली जाते तेव्हा वायू मोजण्याचा मार्गच उरत नाही आणि तेथे ते उपयोगी पडते. परंतु आपल्या रुग्णालयात बहुतांश पूर्ण भूल वायूची असते. आपल्याला प्रथम वायू मोजणारा मॉनिटर हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरा प्रश्न मज्जारज्जूला: मेंदू आणि पाय यांच्यामधला रस्ता शाबूत आहे का? मणक्याचा बाक सरळ करणे किंवा मज्जारज्जूतील गाठ काढणे, अशा शस्त्रक्रियांत हा प्रश्न जीवन-मरणाइतकाच मोठा असतो. १९७३ साली फ्रान्समधील स्टॅग्नारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरळ उपाय मांडला. मणका सरळ केल्यावर, शस्त्रक्रिया चालू असतानाच भूल हलकी करायची आणि रुग्णाला सांगायचे, ‘पाय हलवा.’ पाय हलले की पुन्हा भूल वाढवायची. त्याच दशकात विद्युत्संदेशांची पद्धतही आली. घोट्यामागील नसेला हलका धक्का दिला की संदेश मज्जारज्जूतून वर जातो आणि सुमारे चाळीस मिलिसेकंदांत डोक्यावरील इलेक्ट्रोडला त्याची चाहूल लागते. ही चाहूल इतकी क्षीण असते की शेकडो वेळा नोंद घेऊन सरासरी काढावी लागते. तिची उंची निम्म्यावर आली, तर धोक्याची सूचना समजतात. हा झाला पायाकडून मेंदूकडे जाणारा रस्ता. मेंदूकडून पायाकडे आज्ञा नेणारा रस्ता वेगळा असून पहिला शाबूत असतानाही दुसऱ्याला इजा होऊ शकते. तो तपासण्यासाठी डोक्यावर विद्युत्स्पंद देऊन हातापायांच्या स्नायूंत उत्तर पाहतात. १९८० साली मर्टन व मॉर्टन यांनी जागृत माणसावर हे शक्य असल्याचे दाखविले आणि त्यातून पुढे ही तपासणी विकसित झाली.

संदेश क्षीण झाला म्हणजे दरवेळी मज्जारज्जूलाच इजा झाली असे नसते. इलेक्ट्रोड सुटला असेल, रक्तदाब उतरला असेल, शरीर थंड पडले असेल, भुलेचा वायू वाढला असेल, हात अवघडून दबला असेल. स्नायू शिथिल करणारे औषध दिले, तर स्नायूंचे उत्तरच मिळत नाही. अर्थिंग नीट नसेल, तर विजेच्या खरखरीत संदेश हरवतो. एकेक कारण मिनिटांत तपासून शल्यचिकित्सकाला ‘थांबा’ असे सांगणारा जाणकार तेथे लागतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मणक्याच्या ५१,२६३ शस्त्रक्रियांचा आढावा होता. नसांवर लक्ष ठेवण्याचा मोठा अनुभव असलेल्या चमूंच्या रुग्णांत मज्जासंस्थेच्या इजा, अल्प अनुभवाच्या चमूंच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी होत्या. माझ्यासारख्या हिशेबनीसाने येथे थांबून विचार करावा. ताळेबंदात यंत्राची किंमत लिहिता येते. ते वाचणाऱ्याच्या अनुभवासाठी तेथे रकाना नाही.

आपल्या रुग्णालयात मणक्याच्या अशा शस्त्रक्रिया होत नाहीत आणि त्या येथे सुरू करण्याचा अट्टहासही नसावा. मणक्याच्या क्षयाचे किंवा पाठीला बाक आलेल्या मुलामुलींचे नातेवाईक आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही त्यांना सोलापूर, पुणे किंवा हैदराबाद अशा मोठ्या शहरांतील केंद्रांकडे पाठवितो. त्यांना माझी विनंती आहे की तेथे संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात. या शस्त्रक्रियेत नसांवर लक्ष ठेवणारे यंत्र लागणार आहे का? ते पाहायला कोण बसणार? आणि मध्येच जागे करण्याची वेळ आली, तर ‘पाय हलवा’ हे कोणत्या भाषेत सांगणार? प्रत्येक शस्त्रक्रियेला हे यंत्र लागते असे नाही. गादी सरकल्याची साधी शस्त्रक्रिया अनेकदा त्याविना होते. परंतु विचारण्यात कमीपणा नाही. आपल्या सीमाभागात घरोघरी कन्नड बोलली जाते. अर्धवट गुंगीतील माणसाला आईची भाषा आधी कळते. आमच्याकडे कंबरेत भूल देऊन सिझेरियन होते तेव्हा आमच्या परिचारिका मातेशी तिच्याच भाषेत सतत बोलत असतात. जाग्या रुग्णाची विचारपूस याहून चांगल्या रीतीने करता येत नाही.

आता माझे निवेदन. कायद्याने धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखाव्या लागतात. खाटेचे दर निराळे असू शकतात. भुलेखालची देखरेख मात्र सर्वांना एकच असली पाहिजे. त्यासाठी या वर्षी आम्ही तीन गोष्टींकरिता साहाय्य मागत आहोत: भुलेचा वायू मोजणारा मॉनिटर, वर्षभर पुरतील इतके इलेक्ट्रोड आणि शस्त्रक्रियागृहातील दोन तंत्रज्ञांचे प्रशिक्षण. पहिल्या देणगीची नामपट्टिका भिंतीवर लागेल. दुसरी देणगी वापरून संपून जाईल आणि तिसरी दोन माणसांच्या हातांत व डोळ्यांत राहील. या दोहोंना नामपट्टिका लावता येणार नाही, तरीही मी त्यांच्यासाठी अधिक आग्रहाने हात पसरतो.

ते शेतकरी गृहस्थ किंवा त्यांच्या घरचे कोणी आज सभेत असतील, तर सभेनंतर त्यांनी मला भेटावे. त्या रात्री जे सांगायचे राहिले, ते मला त्यांना समक्ष सांगावयाचे आहे. विश्वस्त मंडळाने संमत केल्याप्रमाणे, भूलतज्ज्ञांनी मागितलेली कोणतीही वस्तू यापुढे प्रशासकाला एकट्याने खोडता येणार नाही. नकाराचे कारण लेखी द्यावे लागेल आणि ते भूलतज्ज्ञांच्या स्वाक्षरीवाचून ग्राह्य धरले जाणार नाही. हा ठराव मी स्वतः मांडला होता.