वाटेत पडलेला माणूस आणि कायदा

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला कायद्यावर बोलायला सांगितलंत, तर तो बँकेतलंच उदाहरण देणार. फक्त ही बँक जर्मनीतली आहे.

३ ऑक्टोबर २०१६, तिकडे राष्ट्रीय सुट्टी. एसेन शहरात एका शाखेतल्या एटीएमच्या जागेत ८३ वर्षांचे एक गृहस्थ कोसळले. एकामागून एक चार ग्राहक आले. कुणी बाजूने गेलं, कुणी चक्क ओलांडून. पैसे काढले आणि चालते झाले. सुमारे वीस मिनिटांनी पाचव्या ग्राहकाने मदतीसाठी फोन केला. पुढे काही दिवसांत ते गृहस्थ वारले.

हे सगळं कॅमेऱ्यात आलं होतं. २०१७ मध्ये तिघांना काही हजार युरोंचा दंड झाला. "आम्हाला वाटलं, कुणी बेघर माणूस झोपलाय," हा त्यांचा बचाव. आता गंमत बघा, मदत लवकर मिळाली असती तरी ते वाचले नसते, असं वैद्यकीय मत होतं. तरी दंड झालाच. कारण जर्मन दंडसंहितेच्या कलम ३२३ क मध्ये गुन्हा मृत्यूचा नाही, मदत न करण्याचा आहे. स्वतःला मोठा धोका नसताना, शक्य असलेली मदत टाळली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पाण्यात उडी मारा असं तो कायदा म्हणत नाही. फोन करायला काय हरकत होती, एवढंच विचारतो.

आपल्याकडे असं सरसकट कलम नाही. जबाबदारी आहे ती नात्याने किंवा कामाने बांधलेल्यांवर. आईबापांनी मुलाला उपाशी ठेवलं, तर तो गुन्हा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातातल्या चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे. जमावाच्या रोषामुळे अशक्य असेल तर सूट, हेही कायद्यातच लिहिलंय! डॉक्टरांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं, की आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

उरलो आपण, रस्त्यावरचे बघे. आपल्याला कायदा शिक्षा करत नाही, पण आपली भीती वेगळीच: "नको रे बाबा, उगाच कोर्टकचेरी." एसेनच्या लोकांना पडलेला माणूस परका वाटला, आपल्याला पोलीस परके वाटतात. म्हणून २०१९ मध्ये कलम १३४ अ आलं. रस्ता अपघातात सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई नाही. नाव-पत्ता सांगायची सक्तीही नाही.

माझं मत विचाराल, तर जर्मनीसारखं कलम इथे लगेच नको. पोलिसांची भीती जायच्या आत आणखी एक कलम आलं, तर लोक घटनास्थळावरून आणखी जोरात पळतील. आधी १३४ अ प्रत्येक रिक्षावाल्याला पाठ होऊ दे.

पण आपल्या जिन्यात कुणी चक्कर येऊन पडलं तर? तो काही रस्ता अपघात नव्हे. तिथे जुन्या दंडसंहितेचं कलम ९२, आताच्या न्याय संहितेतलं ३०, कामी येतं. बेशुद्ध माणसाच्या भल्यासाठी, काळजीपूर्वक, सद्‌हेतूने केलेल्या कृतीत काही इजा झाली, तरी तो गुन्हा धरत नाहीत.

आपल्या दोन्ही विंगमध्ये एकटे राहणारे बरेच आहेत, त्यात मीही आलो. रात्रीच्या वॉचमनला १०८ नंबर माहीत आहे का, हे मी परवा विचारलं. माहीत नव्हता. आता केबिनमध्ये लिहून लावलाय, मोठ्या अक्षरात. प्रश्न असतील तर विचारा, चहा यायला वेळ आहे.