उभ्या गाडीतला नाश्ता



मला 'आयटीवर बोल' असं सांगितलं होतं. पण ते मी रोजच बोलते. आज खाण्यावर बोलते, आणि थोडक्यात आटपते.

चौथीत बाईंनी 'माझे बाबा' हा निबंध दिला होता. मी पहिलंच वाक्य लिहिलं, 'माझे बाबा डेक्कन क्वीनमध्ये राहतात.' खोटं नव्हतं. नोकरी मुंबईत, पास पुण्याचा. सकाळी मी उठायच्या आत ते निघत, रात्री नऊला घरी. पालकसभेला कायम आई. बाईंनी लाल शाईत शेरा दिला, 'मग त्यांना म्हणावं, मलाही एकदा तिकडे न्या.' बाबांनी तो दोनदा वाचला आणि मे महिन्यात मला घेऊन गेले.

डायनिंग कार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. धावत्या गाडीत टेबल-खुर्च्या! मी कटलेट खात घाट बघत होते, बाबा घड्याळ. जागेसाठी लोक ताटकळत उभे, त्यामुळे खाऊन झालं की उठायचं.

ही गाडी १ जून १९३० ला सुरू झाली. तेव्हा सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या आणि वर्ग फक्त पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग आला १९५५ मध्ये. १९६६ मध्ये डबे बदलले, पेरांबूरच्या कारखान्यातले आले. जून २०२२ मध्ये नवे एलएचबी डबे लागले. पूर्वी डायनिंग कारमध्ये ३२ जण बसत, आता ४०. डबे बदलले, पण टेबलावर बसून खायची सोय रेल्वेने मोडली नाही.

जुन्या डब्यांचं आयुष्य साधारण २५ वर्षं धरतात. मग बहुतेक भंगारात जातात. काहींचं नशीब निराळं. फेब्रुवारी २०२० मध्ये आसनसोल स्टेशनवर अशा डब्यांचं रेस्टॉरंट झालं. ऑक्टोबर २०२१ मध्ये सीएसएमटीला, १८ नंबरच्या फलाटाबाहेर, एक डबा रुळांवर उभा करून तेच केलं. दहा टेबलं, चाळीस माणसं.

२०२२ च्या दिवाळीत बाबांना तिथे नेलं. निवृत्तीनंतर ते प्रथमच मुंबईला आले होते. आत शिरण्याआधी त्यांनी वाकून चाकं पाहिली. बसल्यावर सवयीने मनगटाकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "ही कुठे सुटणार नाही, नाही का?" चहा आला, संपला, दुसरा मागवला. मग एकदम म्हणाले, "तुझ्या एकाही गॅदरिंगला आलो नाही मी." मला काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, "कटलेट मागवू या?" ते म्हणाले, "दोन मागव."

तिथून घरी आल्यावर माझा मुलगा आजोबांना सांगत होता, "आई ना, मीटिंगमध्ये राहते."

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात म्हणून सांगते. तुमच्या त्या एका ओळीमुळे मला बाबांबरोबरची एक सकाळ मिळाली. ती वही अजून माझ्याकडे आहे. या महिन्यापासून शनिवारी माझा लॅपटॉप बंद असतो. तरीही, असा शेरा देणाऱ्या बाई माझ्या मुलालाही मिळाव्यात, एवढंच मागणं.