प्रयोगशाळेच्या किल्ल्या

विषय जाहीर झाला होता ‘गुन्हे आणि रसायनशास्त्र’. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुण्या म्हणून आलेल्या माजी विद्यार्थिनी बोलायला उभ्या राहिल्या आणि थेट शाळेच्या प्रयोगशाळेत शिरल्या. नवसागर आणि चुना तापवल्यावर नाकात जाणारा अमोनियाचा झणका, लाल लिटमस निळा होताना पुढे झुकलेला वर्ग, आणि ‘असं का झालं?’ याचं उत्तर मिळाल्याशिवाय परीक्षानळी धुऊ न देणारे सर. ते सर पहिल्याच रांगेत बसले होते.

न्यायसहायक प्रयोगशाळेतली नोकरी मात्र दोन वाक्यांत आटोपली. विषबाधेचा संशय असला की व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात येतो; बरणी उघडण्याआधी सील तपासायचं.

मग आली ॲलन ब्रॅडली या कॅनेडियन लेखकाची पहिली कादंबरी, ‘द स्वीटनेस ॲट द बॉटम ऑफ द पाय’ (२००९). काळ १९५०चा, गाव इंग्लंडमधलं बिशप्स लेसी नावाचं काल्पनिक खेडं. फ्लेव्हिया द लूस अकरा वर्षांची. तपासाचा अनुभव शून्य. आहे ते विषांच्या रसायनशास्त्राचं वेड आणि वाड्यातली जुनी प्रयोगशाळा. दारात मेलेला पक्षी सापडतो, त्याच्या चोचीत अडकवलेलं टपाल तिकीट. मग काकडीच्या वाफ्यात एक अनोळखी माणूस तिच्यासमोर प्राण सोडतो आणि तिच्या वडिलांना अटक होते. कापलेल्या पायची एक फोड कुणी खाल्ली, हा प्रश्न तिला सोडत नाही. सायकल काढून ती गावच्या वाचनालयात जाते, जुनी वर्तमानपत्रं उपसते. चुकतेही, खुन्याच्या तावडीतही सापडते. पाहुण्यांना ती आवडते ती याचसाठी: हातात कसलाच अधिकार नाही, पण पाहिलेलं ती सोडून देत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे तरी कुठे पोलिसांत होता?

सगळं येईपर्यंत थांबू नका, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. ब्रॅडली सस्कॅचेवान विद्यापीठात टीव्ही अभियंता होते. कादंबरी पुरी होण्याआधीच, नुसत्या सुरुवातीच्या पानांवर, त्यांना २००७ साली ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा नवोदितांसाठीचा पुरस्कार मिळाला. तो घ्यायला ते गेले, तीच त्यांची इंग्लंडची पहिली वारी. पुस्तक आलं तेव्हा ते सत्तरीत होते.

“आठवीतल्यांनो, तुम्हाला कशाची वाट पाहायची आहे?” त्यांनी विचारलं. पालकांना त्या म्हणाल्या, “मुलानं ‘का’ विचारलं, तर ‘परीक्षेला आहे का?’ असं उलट विचारू नका हो.” मग मुख्याध्यापकांकडे वळून त्यांनी मागणी केली: शनिवारी शाळा सुटल्यावर एका शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन तास प्रयोगशाळा उघडी ठेवा, लिटमस आणि गाळणकागदाचा खर्च माझ्याकडे.